‘नागरी बळी’ की ‘हताहत’?

म्हापसा: आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी युद्धात सापडलेल्या सामान्य माणसांच्या नोंदींवर टिपण लिहिते आहे. ‘सिव्हिलियन कॅज्युअल्टी’ला वर्तमानपत्रं सर्रास ‘नागरी बळी’ लिहितात. तेच ठेवू, की ‘हताहत’?

फोंडा: ‘बळी’ नको, ताई. कॅज्युअल्टीत जखमीही येतात. ‘हताहत’ म्हणजे हत आणि आहत, तो अर्थाला नेमका बसतो. पण पुष्कळजण तो फक्त मृतांसाठी वापरतात, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘मृत व जखमी’ असं फोडून लिहा. आणि कुणी ‘हुतात्मे’ सुचवलं तर ऐकू नका. १५ ऑगस्ट १९५५ला गोवामुक्तीसाठी पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलणारे सत्याग्रही हुतात्मे, ते ठरवून गेले होते. २७ मे १९९२ला बोस्नियाच्या युद्धात राजधानी सारायेवोत तोफगोळे पडले ते पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर. त्यांना ‘मृत’च म्हणावं.

डिचोली: ‘नागरी’ही खटकतं, सैनिकसुद्धा नागरिकच की. जुनी जोडी ‘लष्करी-मुलकी’ अशी आहे. मला ‘मुलकी’ फार आवडतो, पण आजचा वाचक थेट मामलेदार कचेरीत पोचेल. ‘सामान्य नागरिक’ घ्या. ‘निष्पाप’ मात्र लावू नका. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलात (पुरवणी करारात), कलम ५०मध्ये, शंका असेल तर माणूस सामान्य नागरिकच समजावा असं म्हटलंय. त्याच्या पापपुण्याचा तिथे प्रश्नच नाही.

म्हापसा: आणि ‘नोंद’ की ‘मोजणी’?

फोंडा: नोंद. मोजणीतून आकडा मिळतो. नोंदीत नाव, वय, दिवस, जागा, मरण कशाने आलं, माहिती कुणी दिली, सगळं येतं. बोस्नियाच्या त्या युद्धातल्या मृतांचा आकडा दोन लाखांच्या वर सांगितला जायचा. सारायेवोच्या संशोधन व दस्तऐवजीकरण केंद्राने एकेक नाव पडताळून २००७मध्ये यादी मांडली, तेव्हा सैनिक धरून ९७,२०७ नावं निघाली. आकडा उतरला म्हणून काहीजण नाराज झाले. मला तर ती यादीच मोलाची वाटते; फुगवलेला आकडा नाकारणाऱ्याला पळवाट देतो, नावानिशी नोंद खोडायची तर एकेका माणसाचं मरण खोटं ठरवावं लागतं. आपल्या माणसाचं काय झालं हे कळण्याचा कुटुंबाचा हक्क त्याच प्रोटोकॉलाच्या कलम ३२मध्ये आहे. तो नोंदीवाचून कसा पुरा होणार?

डिचोली: एक राहिलं. तक्त्यात ‘अनोळखी’ लिहू नका, ‘ओळख पटायची आहे’ लिहा. बेपत्तांचा रकानाही वेगळा ठेवा, त्यांना मृतांत धरू नका.