दोन वलयांमधला पीळ आणि एका रेणूची विद्युत वाहकता

प्रश्न

सोन्याच्या दोन टोकांमध्ये एकच रेणू अडकवून त्याची वाहकता मोजतात, त्या प्रयोगांविषयी मी सध्या वाचत आहे. बायफिनाइलच्या मालिकेतील एक गोष्ट उलगडत नाही. एकमेकांना जोडलेली दोन बेंझिन वलये, दोन्ही टोकांना सोन्याला धरणारे अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट, लांबीही जवळपास तीच. तरीही वलयांच्या जोडापाशी मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) बसवले की वाहकता कितीतरी पटींनी उतरते. हे गट प्रवाहाच्या वाटेवर नाहीत, कडेला आहेत. मग ते अडथळा कसे ठरतात?

प्रतिसाद १

मिथाइल गट प्रवाह अडवत नाहीत, ते रेणूचा आकार बदलतात. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या गटांना एकाच पातळीत मावण्याइतकी जागा नसते, म्हणून एक वलय दुसऱ्याच्या तुलनेत पिळले जाते. इलेक्ट्रॉन पलीकडच्या वलयात जातो तो मुख्यतः वलयांच्या वर आणि खाली पसरलेल्या पाय-कक्षिका (इलेक्ट्रॉन वावरतात ते भाग) एकमेकींवर जितक्या चढतात तितक्याच सहजतेने. ही जोडणी पिळाच्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असते आणि वाहकता तिच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे पीळ 60 अंशांचा झाला की वाहकता सपाट रेणूच्या सुमारे एक चतुर्थांश उरते. भौतिकशास्त्रज्ञ लता वेंकटरमण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली अशा रेणूंच्या मालिकेवर हा संबंध दाखवून दिला. दोन वलये कार्बनच्या पुलाने बांधून सपाट ठेवलेला रेणूही त्या मालिकेत होता, आणि माझ्या मते सगळ्या युक्तिवादाला बळ मिळते ते त्या तुलनेमुळेच.

प्रतिसाद २

मोजणी कशी होते हेही लक्षात घ्यावे. सोन्याचे टोक सोन्याच्या पृष्ठभागात रुतवून हळूहळू मागे ओढतात. मधली मान एका अणूइतकी बारीक झाली की वाहकता 77.5 मायक्रोसीमेन्सपाशी, म्हणजे एका वाहकता-पुंजापाशी (वाहकतेच्या मूलभूत एककापाशी), क्षणभर थबकते. मान तुटली की वाहकता एकदम कोसळते, आणि फटीत रेणू अडकला असेल तर बरीच खाली आणखी एक छोटी पायरी दिसते. प्रत्येक खेपेला ही पायरी थोडी वेगळी येते, त्यामुळे हजारो खेपांचा आयतालेख काढून त्याचे शिखर वाचावे लागते. अमाइन गटांमुळे हे शिखर थायॉलपेक्षा (गंधकयुक्त गटापेक्षा) रेखीव येते, आणि पिळाचा परिणाम वेगळा ओळखता येतो तो त्यामुळेच.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग सपाट आणि आखूड रेणू नेहमीच चांगला वाहक असतो, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद १

तसे सरसकट म्हणता येणार नाही. लांबीचा परिणाम मोठा आहे हे खरे: अल्केनच्या (केवळ एकेरी बंधांनी जोडलेल्या कार्बनच्या) साखळीत प्रत्येक कार्बन वाढला की वाहकता साधारण अडीच पटींनी घटते, तर वलयांच्या साखळीत तेवढ्याच लांबीमागे घट पुष्कळ कमी असते. परंतु मधल्या बेंझिन वलयाला दोन्ही बाजूंच्या जोडण्या समोरासमोरच्या पॅरा स्थानांऐवजी मेटा (मध्ये एक कार्बन सोडून असलेल्या) स्थानांवर दिल्या, तर रेणू सपाट राहूनही वाहकता दहा पटींनी किंवा त्याहूनही अधिक घसरू शकते. वलयाच्या दोन बाजूंनी आलेल्या इलेक्ट्रॉनच्या लहरी तेथे एकमेकींना खोडतात. याला विनाशी व्यतिकरण म्हणतात. उलट, दोन सारख्या साखळ्या एकाच रेणूत समांतर बांधल्या, तर लहरी जुळून वाहकता दुपटीहून अधिक होऊ शकते, आणि 2012 साली प्रयोगात तसे दिसलेही आहे. समांतर रोधांचा नेहमीचा नियम लावला असता तर उत्तर नेमके दुप्पट आले असते.