चीट कोड टाकून जिंकलेलं जिंकणं असतं का?

मागच्या_बाकावरचा:
रविवारी भाचा आला होता. माळ्यावरून जुना टीव्ही गेम काढला, काँट्राची कॅसेट फुंकून लावली आणि बोटं आपोआप फिरली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. दोघं खेळणार म्हणून सिलेक्ट, मग स्टार्ट. तीनाऐवजी तीस जीव. पोरगं म्हणतं, "मामा, ही तर चीटिंग!"

मला नाही पटत. कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी १९८६ साली 'ग्रेडियस' घरच्या कन्सोलवर आणताना हा कोड स्वतःसाठी घातला, कारण तपासायला बसल्यावर त्यांनाच गेम झेपेना. तो आत तसाच राहिला, पुढे काँट्रातही आला. बनवणाऱ्यालाच टेकू लागला, तर आठवीतल्या पोरानं का लाजावं?

(ऑनलाइन, समोर माणूस असताना केलं तर चोरीच. त्यावर वाद नको.)

सांगाडा_लेव्हल_तीन:
साफ असहमत. आमच्या कॉम्प्युटर क्लासात प्रिन्स ऑफ पर्शिया होता. निम्मी पोरं शिफ्ट-एल दाबून थेट चौथ्या लेव्हलला. त्यांना तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा भेटलाच नाही! तो तलवारीनं मरत नाही. वार करत करत मागे रेटायचा आणि कडेवरून खाली पाडायचा. हे उमगायला मला आठ दिवस लागले, आणि उमगलं तेव्हा खुर्चीवर उभा राहून ओरडलो. सरांनी बाहेर काढलं ते वेगळं. त्या शिफ्ट-एलवाल्यांकडे सांगण्यासारखं काय आहे?

मागच्या_बाकावरचा:
अहो, पण तिथे गेमच दंड घ्यायचा की! एका तासातून उरलेला वेळ शिफ्ट-एल दाबलं की पंधरा मिनिटांवर यायचा. म्हणजे वाट ठेवली होती, फुकट नव्हती. मला तर हे फार आवडतं.

सांगाडा_लेव्हल_तीन:
दंड भरला म्हणून सिग्नल तोडणं बरोबर होतं का?

फाईल_पेंडिंग:
माझा अनुभव दोघांच्याही मधला. ऑफिसात विंडोज ९८वर माइनस्वीपर. कुणीतरी सांगितलं, एक्स-वाय-झेड-झेड-वाय टाईप कर, मग शिफ्ट-एंटर. स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा ठिपका येतो. माउस ज्या चौकोनावर, तिथे सुरुंग असेल तर काळा, नसेल तर पांढरा. त्या आठवड्यात सेक्शनमध्ये माझ्याएवढं कुणीच जिंकलं नाही. पुढच्या सोमवारी गेम उघडला आणि बंद केला. त्यानंतर एकदाही खेळलो नाही. आता तो कोड सांगणाऱ्याचा राग येतो.

कढीपत्ता:
तुमच्या कोडचं जाऊ द्या, आजच्या 'हिंट'बद्दल बोला. माझ्या सासूबाई फोनवर सुडोकू सोडवतात. अडल्या की हिंट दाबतात. आधी कसली तरी जाहिरात, मग अ‍ॅप सरळ चौकोनात ७ भरून मोकळं. का ७, ते नाही! परवा मी शेजारी बसले आणि एवढंच म्हटलं, "आई, खालच्या डाव्या घरात ७ कुठे कुठे बसू शकतो, बघा." पाच मिनिटांनी स्वतःच भरला, आणि जेवताना दोनदा सांगितला. सूचक शब्द हवा. उत्तर देणं म्हणजे आयतं ताट, त्याला हिंट कसं म्हणायचं?

सांगाडा_लेव्हल_तीन:
कढीपत्ता, +१. नेमकं हेच म्हणत होतो.

मागच्या_बाकावरचा:
नाही हो, तुम्ही सगळंच बंद करायला निघाला होतात. 😄 मला ताईंचं पटलं, पण तीस जीव म्हणजे उत्तर नव्हे. गोळ्या तुम्हालाच चुकवायच्या आहेत, फक्त चुकायला जागा जास्त.

असो. भाच्याची बातमी: काल त्यानं बाणेदारपणे कोडशिवाय सुरुवात केली. पहिल्याच लेव्हलला पायाखालचा पूल फुटत गेला आणि बघता बघता तिन्ही जीव संपले. थोडा वेळ गप्प बसला. मग हळूच, "मामा, खाली खालीनंतर काय होतं?"