इंदूर ते नाशिक गाडी, वाटेत महेश्वर : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई-बाबांना रामबागेतून नाशिकला मावशीकडे न्यायचंय. अंतर साधारण 400 किलोमीटर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे बसचा प्रश्नच नाही. धामनोदहून आत वळून महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट दाखवायचा, मग सेंधवा, शिरपूर, धुळे असं पुढे जायचं, हा बेत.

अडलंय ते भाड्यावर. एक जण फक्त जाण्याचे पैसे सांगतो, पण महेश्वरला थांबायचं म्हटलं की लगेच येण्या-जाण्याचा हिशोब लावतो. दुसऱ्याचा दर कमी आहे, मात्र टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा. ऑल इंडिया परमिट असेल तर हा टॅक्स आपल्याकडून मागायलाच नको ना? तिसऱ्याने चक्क पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी देऊ केली. ती मी घेणार नाही. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि आई-बाबा सोबत असताना तो धोका नकोच.

अलीकडे कुणी या रस्त्याने गेलं असेल तर कृपया सांगा : महेश्वरच्या थांब्यासकट एकूण किती पडले, आणि सगळं ठरल्याचं व्हॉट्सॲपवर लिहून देणारा भरवशाचा गाडीवाला इंदुरात कोण? बिजासन घाट मला उजेडातच उतरायचाय, म्हणून सकाळी सहाला दारात हजर राहणारा हवा. नंबर मेसेजमध्ये पाठवा.