कृष्णधवल छपाई घरच्या इंकजेटवर करावी का? माझे मत: करावी, पण करडी शाई असलेल्या प्रिंटरवरच

हिंदवाडीकर (बेळगाव)

आपल्या भागात कृष्णधवल छायाचित्र छापायचे झाले की बहुतेक जण फाइल पेनड्राइव्हवर घालून कलर लॅबकडे देतात आणि जे हाती येईल ते चौकटीत बसवून मोकळे होतात. ज्याला कृष्णधवल छायाचित्रणाची मनापासून ओढ आहे त्याने छपाई घरी करावी, आणि त्यासाठी करडी शाई असलेलाच प्रिंटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यातला दुसरा भाग अनेकांना पटणार नाही, म्हणून कारणे जरा विस्ताराने मांडतो.

लॅबमधला कागद मुळात रंगीत छपाईसाठी बनवलेला असतो. धुलाईत त्यातली चांदी निघून जाते आणि उरलेल्या तीन रंगथरांतूनच काळा व करडा उभा राहतो. यंत्राच्या जुळणीत किंवा रसायनात थोडा जरी फरक पडला, तरी चित्रावर हिरवट किंवा जांभळट झाक चढते. लग्नाच्या रंगीत फोटोत ती खपून जाते. करड्यात ती लपत नाही, कारण करड्यातला रंगाचा किंचित अंशही डोळा चटकन टिपतो.

चार शाईंच्या साध्या प्रिंटरचेही दुखणे हेच आहे. त्यात आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. शाईची टाकी असलेल्या अनेक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट प्रकारची, म्हणजे रंगाचे कण असलेली, असते आणि ती चकचकीत कागदावर नीट बसत नाही. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रणालीत) आपण फोटो कागद निवडला की प्रिंटर ती काळी शाई बहुतेक वापरतच नाही आणि उरलेल्या तीन रंगांतून काळा तयार करतो. मग गर्द भाग तपकिरी दिसला, तर त्यात नवल ते काय?

करडी शाई असली की मधल्या छटांचा भार तीच उचलते आणि रंगीत शाया अगदी थोड्या लागतात. एप्सनने २००५ मध्ये काळ्याच्या तीन पातळ्या असलेल्या के-३ शाया आणल्या, तेव्हापासून टेबलावरच्या प्रिंटरवर निखळ करडा मिळणे सोपे झाले. आज घरगुती वापरासाठी एप्सन एल-८१८० मध्ये एक करडी शाई आहे, तर कॅनन प्रो-२०० मध्ये करडी आणि फिकट करडी अशा दोन आहेत.

याचा अर्थ काय ते एका उदाहरणाने सांगतो. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावर कोरलेले कमळ आपल्यापैकी अनेकांनी टिपले असेल. दगड काळसर, उजेड बाजूने येणारा आणि पाकळ्यांच्या पोटात सावली. लॅबच्या प्रतीत ती सावली म्हणजे एक सपाट काळा ठिपका होता. करड्या शाईच्या प्रतीत पाकळीची आतली कड, तिच्यावरची छिन्नीची रेघ आणि मागचा दगड हे तिन्ही वेगवेगळे दिसतात. फाइल तीच होती.

घरी छापणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार ‘प्रिंट काळपट येते’ ही असते, आणि तिचे मूळ बहुधा प्रिंटरमध्ये नसते. आपले पडदे वाजवीपेक्षा फार उजळ ठेवलेले असतात. पडद्याची उजळता दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान आणली की निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेली बहुतेक तेव्हा मिटते, जेव्हा रंगांचे नियंत्रण संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे, अशा एकाच ठिकाणी ठेवले जाते. दोन्हीकडे चालू राहिले, तर एकच दुरुस्ती दोनदा होते.

निपाणी स्टुडिओ

हिंदवाडीकर साहेब, आपली कळकळ समजते. पण धंदा म्हणून रोज छपाई करणाऱ्याच्या बाजूने मला याला ठाम विरोध नोंदवायचा आहे.

पहिली गोष्ट, घरचा प्रिंटर रोज चालत नाही. हौशी माणूस आठवडेच्या आठवडे त्याला हात लावत नाही आणि मग नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रे मोकळी आहेत का ते दाखवणारी प्रत, काढली की रेघा तुटलेल्या दिसतात. मग हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडून ती छिद्रे साफ करणे. ती शाई कागदावर न जाता वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते आणि पॅड भरले की प्रिंटर अडून बसतो. तालुक्याच्या गावात तो उघडून नीट दुरुस्त करणारा माणूस सहज मिळत नाही. लॅबचे यंत्र दिवसभर चालू असते, त्यामुळे ते जुळलेले राहते.

दुसरी गोष्ट, लॅबच्या झाकेचा दोष आपण लॅबच्या माथी मारता, पण बहुतेक ग्राहक फाइल कशी देतात हेही पाहिले पाहिजे. मोबाइलवर रंग काढून टाकलेली, व्हॉट्सॲपवरून दोन-तीनदा फिरून आलेली फाइल दिली, तर कोणताही प्रिंटर काय करणार? लॅबकडून तिच्या कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, त्यावर पडद्यावरच चित्र तपासा, आधी एक छोटी प्रत काढून बघा आणि झाक दिसली तर ऑपरेटरला तसे सांगा. चांगला ऑपरेटर ती दुरुस्त करून देतो. आम्ही पूर्वी ‘इंदू’ छापाच्या ब्रोमाइड (चांदीच्या लेपाच्या) कागदावर अंधाऱ्या खोलीत छापत होतो. उटीचा तो सरकारी कारखाना बंद पडला, तरी नजर गेलेली नाही. करड्यातली झाक आम्हालाही दिसते.

वर्षाकाठी मोजक्या प्रती काढणाऱ्याने त्यासाठी महागडा प्रिंटर घेऊन ठेवणे मला पटत नाही.

खानापूरकर

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. घरी छापावे हे मला मान्य आहे, पण करडी शाई हवीच ही अट मान्य नाही. ती अट घातली की शाळा-कॉलेजातली मुले या वाटेला येणारच नाहीत.

चार शाईंच्या साध्या प्रिंटरवर चकचकीत कागदाचा हट्ट सोडा. चांगला, जाड, लेप दिलेला मॅट कागद घ्या, ड्रायव्हरमध्ये मॅट कागद आणि ग्रेस्केल निवडा. अनेक प्रिंटर तेव्हा मुख्यतः काळ्या शाईनेच छापतात आणि झाकेचा प्रश्नच मिटतो, कारण रंगीत शाया जवळपास वापरल्याच जात नाहीत. उजळ भागात ठिपके दिसतात हे खरे आहे. ते आकाशात आणि गालावर दिसतात. दगडी भिंत, शेताचा बांध, झाडाची साल यांत दिसत नाहीत, आणि दिसले तरी जुन्या फिल्मच्या कणांसारखे वाटतात. हलशीच्या देवळांची चित्रे मी अशीच छापतो आणि हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला त्यात काही उणे वाटत नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र दोघेही बोलला नाहीत. खानापूर भागात जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की ट्रेमध्ये उघडा राहिलेला कागद ओल धरून कडांना वळतो. त्या कडा हेडला घासतात आणि पांढऱ्या किनारीवर काळे डाग पडतात. कागद बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि छापायच्या वेळी लागेल तेवढाच बाहेर काढावा. हे पाळले नाही, तर करडी शाई असूनही प्रत वाया जाते.

चिकोडीची वाचक

आपण सगळे प्रत आज कशी दिसते यावर बोलत आहात. मला ती पुढे कशी दिसेल याची काळजी आहे. आमच्या घरी आजी-आजोबांचे स्टुडिओत काढलेले ब्रोमाइड फोटो आहेत. कडा पिवळसर झाल्या असल्या, तरी चेहरे शाबूत आहेत. त्यांच्या स्कॅनवरून गावातल्या दुकानात लोकल शाईवर काढून घेतलेली प्रत मात्र खिडकीसमोरच्या भिंतीवर बघता बघता उडाली आणि त्यातला करडा तांबूस झाला.

हिंदवाडीकरांनी सुचवलेल्या दोन्ही प्रिंटरांत चित्रासाठी डाय शाईच वापरली जाते, हे वाचकांना स्पष्ट सांगायला हवे होते. डाय शाई विरघळलेली असते. प्रकाश आणि हवेतला ओझोन तिला लवकर खातात. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात आणि ते कितीतरी अधिक टिकतात. घराण्याची आठवण म्हणून जी प्रत काढायची, ती कॅनन प्रो-३०० किंवा एप्सन पी-७०० यांसारख्या पिगमेंट यंत्रावर, चांगल्या सुती कागदावर निघाली पाहिजे. असे यंत्र घरी घेणे बहुतेकांना परवडणार नाही. म्हणून माझ्या मते अशा मोजक्या प्रती बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याला ज्याच्याकडे असे यंत्र असेल त्याच्याकडून काढून घ्याव्यात, आणि घरचा प्रिंटर सरावापुरता ठेवावा.

हिंदवाडीकर

चिकोडीच्या ताईंचा मुद्दा मोलाचा आहे. डाय शाईची प्रत काचेमागे घातली, थेट उन्हापासून दूर ठेवली आणि मूळ कंपनीचीच शाई वापरली, तर तिचे आयुष्य पुष्कळ वाढते. तरी पिगमेंटची बरोबरी होत नाही, हे खरे आहे. काच लावण्यापूर्वी प्रत किमान २४ तास मोकळी वाळू द्यावी, नाहीतर शाईतले द्रव उडून काचेच्या आतल्या बाजूला धुकट थर धरतात. मात्र घरचा प्रिंटर केवळ सरावापुरता, हे मला मान्य नाही. दूरच्या छपाईवाल्याला दिलेल्या फाइलची प्रत हाती येईपर्यंत आपण ते चित्र कोणत्या मनाने छापायला निघालो होतो हेच निसटून जाते. प्रत पाहणे, सावली थोडी उघडणे, पुन्हा छापणे हा क्रम एका बैठकीत घडला पाहिजे. कृष्णधवल चित्र तिथेच घडते असे मी मानतो.

खानापूरकर, मॅट कागद सुंदर असतो, पण त्यावरचा काळा उथळ राहतो. चांगल्या मॅट कागदावर काळ्याची घनता (तो किती गर्द आहे ते सांगणारे माप) साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, तर चकचकीत किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा लेप दिलेल्या) कागदावर २.२ च्या पुढे. घनतेत ०.६ चा फरक म्हणजे मॅटवरचा काळा जवळजवळ चौपट प्रकाश परत पाठवतो. हलशीच्या उन्हातल्या भिंतींना ते चालेल. बस्तीच्या गाभाऱ्यातल्या अंधाराला चालणार नाही. उजळ भागातल्या ठिपक्यांची फिल्मच्या कणांशी तुलनाही मला रास्त वाटत नाही, कारण फिल्मचे कण चित्राच्या सर्व छटांत कमीअधिक विखुरलेले असतात आणि हे ठिपके फक्त पांढऱ्याच्या जवळ उठून दिसतात.

खानापूरकर

घनतेचा हिशेब मान्य आहे, पण तो काळा शेजारी ठेवलेल्या दोन प्रतींतच उणा दिसतो. एकटी मॅट प्रत पासपार्टूमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीत) बसवून भिंतीवर लावली की डोळा तिच्यातल्या सर्वांत गर्द छटेलाच काळा मानतो. शिवाय मॅटवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडत नाही. आपल्याकडच्या घरांत फोटो दाराच्या वर, पुढे झुकवून लावतात. तिथे चकचकीत कागदावर चेहऱ्याऐवजी दिवाच दिसतो.

निपाणी स्टुडिओ

दिव्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. खिडकीच्या उजेडात निखळ करडी वाटणारी इंकजेटची प्रत एलईडीखाली हिरवट किंवा किरमिजी दिसू शकते. रंगीत शाया जितक्या जास्त, तितका हा दोष जास्त. हिंदवाडीकर साहेबांनी घरच्या प्रती कोणत्या दिव्याखाली पारखल्या हे लिहिलेले नाही.

हिंदवाडीकर

दोन्ही उजेडांत पारखल्या आहेत, निपाणीकर साहेब. करड्या शाईच्या प्रतीत फरक पडतो, पण तो शेजारी धरल्याशिवाय लक्षात येत नाही. चार शाईंच्या प्रतीत तो खोलीच्या दारातूनच कळतो. माझा सारा आग्रह याच कारणासाठी आहे.

यंत्र पारखायचे असेल, तर चित्र छापण्याआधी ० ते १०० टक्क्यांपर्यंत पाच-पाचच्या फरकाने २१ चौकोनांची पट्टी छापावी. आधी ९५ आणि १०० यांच्यातली सीमा दिसते का ते पाहावे, मग ५ टक्के आणि कोरा कागद यांच्यातली. नंतर पट्टी खिडकीपाशी आणि दिव्याखाली नेऊन मधल्या चौकोनांचा रंग पाहावा. हीच पट्टी आपण लॅबमध्ये छापून घ्यावी, खानापूरकरांनी त्यांच्या मॅटवर छापावी आणि मी माझ्याकडे छापतो.

निपाणी स्टुडिओ

पट्टी अवश्य पाठवा, लॅबमध्ये माझ्यासमोर छापून घेतो. पण तिचा निकाल आपल्या बाजूने लागला, तरी वर्षाकाठी मोजक्या प्रती काढणाऱ्याला प्रिंटर घ्या असे मी सांगणार नाही. दिवाळी ते गुढीपाडवा प्रिंटर बंद ठेवून मग तीच पट्टी पुन्हा छापा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

चिकोडीची वाचक

त्या पट्टीची आणखी एक प्रत काढून अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवून द्या, अशी विनंती आहे. पुठ्ठ्याखालचा अर्धा भाग आणि उघडा अर्धा भाग यांतला फरक मला पाहायचा आहे.