मदत हवी आहे: पाच माणसांच्या घराला नाशकात किती पगार लागतो? सोमवारी आकडा लिहून द्यायचाय

नमस्कार सगळ्यांना. मी चुंचाळ्याला राहते, माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहेत, प्रेस मशीनवर, सहा वर्षं झाली. इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय असाय की यांच्या लाईनवरच्या ४० जणांनी पगारवाढ मागितली, तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला नुसतं वाढवा वाढवा करू नका, किती पाहिजे आणि का पाहिजे ते कागदावर लिहून आणा, सोमवारी बघू. आता बाप्ये सगळे टपरीवर बसून आकडे काढतायत, कोणी १६ हजार म्हणतंय कोणी ३०, आणि तूरडाळ आज काय भावाने आली हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. म्हणून परवा रात्री हे मला म्हणाले, तूच काढ हिशोब, तुझ्याकडे वही आहे.

वही आहे खरी. मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं राहिली होती त्यात दोन वर्षांपासून रोजचा खर्च लिहितेय. घरात आम्ही पाच, दोघं आम्ही, मुलगी पाचवीला, मुलगा पहिलीला आणि सासूबाई. मागच्या महिन्याचं पान समोर ठेवून लिहिते. भाडं ५०००, एक खोली आणि पुढं ओटा, लाईट ७००, सिलेंडर दीड महिना पुरवते ते महिन्याला ६०० पडतं, किराणा ४५००, दूध अर्धा लिटर रोजचं ९००, भाजी अंडी २०००, दोघांची शाळा रिक्षा वह्या मिळून १८००, यांच्या गाडीचं पेट्रोल १२००, दोन मोबाईलचे रिचार्ज ६००, सासूबाईंच्या बीपी शुगरच्या गोळ्या ९००, सणवार कपडे गावाला जाणंयेणं वर्षाचं काढून महिन्याला १५००, बचत गटाचा हप्ता १०००. बेरीज २०,७००.

येतात किती तर यांचे हातात १३,४००, ओटी म्हणजे जादा तास काम केलं तर ३००० वर, आणि मी घरी फॉल पिको करते त्याचे अडीच हजार. १८,९०० झाले. म्हणजे दर महिन्याला १८०० कमी पडतात, ते किराणावाल्याकडे उधार राहतात किंवा गटातून उचल घेतो आणि ती फेडायला पुन्हा ओटी.

आणि हा खर्च म्हणजे आम्ही नीट जगतोय असा नाहीये हो. सकाळी दुधाची पिशवी फोडली की आधी सासूबाईंचा चहा, मग पोरांचे दोन पेले, त्यात पाणी किती घालायचं ते हाताला पाठ झालंय. मुलाचे बूट जूनमध्ये दोन नंबर मोठे घेतले, पुढं कापूस भरून, आता कापूस काढलाय. मुलगी अभ्यासाला रात्री मोरीच्या उंबऱ्यावर बसते कारण खोलीत दिवा बंद केला की बाकीचे झोपतात आणि मोरीतला दिवा चालू ठेवता येतो. म्हणून मी दुसरा हिशोब पण मांडला, लिटरभर दूध म्हणजे ९०० वाढले, आठवड्याला थोडी फळं ६००, आणि दोन खोल्यांना अजून २००० तरी. २४,२०० होतात. यात दवाखाना अचानक निघाला तर काही नाही आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणाचं काही नाही.

माझा प्रश्न हा आहे. २४ हजार लिहिले तर ते हसतील असं हे म्हणतात, १८ लिहू म्हणतात. मला वाटतं आपण जे खरं लागतं ते लिहावं, पण नुसती माझी वही दाखवून कोण ऐकणार. घर चालायला किती पगार पाहिजे हे ठरवायची काही सरकारी पद्धत आहे का? आणि ओटी आणि माझं पिको धरून लिहायचं का न धरता? मला मनापासून वाटतं की आठ तास माणूस मशीनवर उभा राहिला तर तेवढ्यात घर चाललं पाहिजे. चूक असेल तर सांगा.

सातपूरचा जुना कामगार:
ताई, पद्धत आहे आणि फार जुनी आहे. मी ३१ वर्षं सातपूरला काढली, युनियनमध्ये होतो, हे सगळं आम्हाला तोंडपाठ असायचं. १९५७ च्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं की किमान वेतन काढताना कामगार, त्याची बायको आणि दोन मुलं धरायची, ती चौघं मिळून ३ मोठ्या माणसांएवढं खाणं. माणशी दिवसाला २७०० कॅलरी, डॉ. ॲक्रॉइड यांच्या आहाराच्या हिशोबानं. कापड माणशी १८ वार म्हणजे घराला वर्षाला ७२ वार. त्यात घरभाडं. आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ खर्चाला एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढं १९९१ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी अजून २५ टक्के धरा. रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांची केस, अर्जात नाव घाला.

आता तुमच्याच वहीवर लावून बघतो. किराणा, पूर्ण दूध, भाजी, फळं मिळून ८९०० झाले. कापड ७२ वार म्हणजे ६६ मीटर, १८० रुपये मीटरनं धरलं तर महिन्याला हजार. भाडं आजचंच ५०००. झाले १४,९००. हे वेतनाच्या ८० टक्के असले पाहिजेत म्हणजे १८,६२५. त्यावर पाव भाग चढवला की २३,३०० च्या जवळ. तुमचा आकडा बघा आणि हा बघा. तुम्ही काही जास्तीचं मागत नाही आहात.

पण एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण समोरचा माणूस ती काढणार. या हिशोबात म्हातारे आईबाप नाहीत. सासूबाईंचं खाणं वजा केलं तर खाण्याचे साधारण ७००० राहतात आणि शेवटचा आकडा २०,३०० येतो. त्या एका माउलीचा फरक ३००० रुपये आहे.

पाथर्डी फाटा:
यात लाडकी बहीणचे १५०० धरले नाहीत का? आणि रेशन?

धागाकर्ती:
दादा रेशन कार्डावर नावं आहेत पण कार्ड गावाला दिरांकडे आहे, चांदवड तालुक्यात. लाडकी बहीणचे येतात ते मी मुलीच्या पोस्टातल्या सुकन्या खात्यात टाकते, हात लावत नाही. ठेकेदाराचा माणूस पण हेच बोलला म्हणे की तुमच्या बायकांना तर सरकार देतंय. मला ते फार लागलं. सरकार मला देतं ते मला देतं, प्रेसवरच्या आठ तासांचे पैसे ज्यानं काम करून घेतलं त्यानं द्यायचे ना.

पाथर्डी फाटा:
बरोबर आहे ताई, माझं चुकलं विचारायला. रेशनचं मात्र करून घ्या, एक देश एक रेशन कार्ड आहे त्यामुळे कार्ड गावाला असलं तरी नाशकातल्या कुठल्याही रेशन दुकानात आधार आणि अंगठ्यावर तुमच्या माणसांचं धान्य उचलता येतं, कार्डाला आधार जोडलेलं पाहिजे बस. माणशी ५ किलो मोफत मिळतंय ते गावाला का सोडता.

एचआरवाली:
मी दुसऱ्या कंपनीत एचआरला आहे, पगाराचे कागद रोज हातातून जातात, त्यामुळे दोनतीन गोष्टी सांगते, राग मानू नका.

पहिली, ओटी ३००० ही सिंगल रेटने दिलेली दिसतेय. १३,४०० हातात म्हणजे एकूण साधारण साडेपंधरा हजार असणार, तासाला ७४-७५ रुपये, ३००० म्हणजे ४० तास. फॅक्टरीत ओटीला दुप्पट दर द्यायचा असा कायदा १९४८ पासून आहे. दुप्पट धरली तर ६००० होतात आणि तुमचा १८०० चा खड्डा आजच बुजतो. ही मागणी पण नाही, हे तुमचं येणं आहे. ठेकेदारानं दिलं नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी येते, म्हणून अर्जाची एक प्रत कंपनीला पण द्या आणि पोच घ्या.

दुसरी, हातातला पगार आणि एकूण पगार यात गल्लत करू नका. तुमचे मिस्टर १८ म्हणतात ते हातातले म्हणत असतील. एकूण २०,९०० धरा, त्यातून पीएफ १८०० (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के), ईएसआयसी म्हणजे कामगार विमा १५७, व्यवसाय कर २०० गेले की हातात १८,७०० च्या आसपास राहतात. म्हणजे तुम्ही नवराबायको एकमेकांपासून वाटतंय तेवढे लांब नाही आहात.

तिसरी महत्त्वाची. एकूण पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयसीतून बाहेर पडता, चालू सहामाही संपेपर्यंतच राहतं. सध्या सासूबाई पण अवलंबून म्हणून त्यात बसतात, त्यांच्या गोळ्या सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून मिळायला पाहिजेत, ९०० बाहेर का जातायत ते बघा. कार्डावर त्यांचं नाव चढवलंय का?

धागाकर्ती:
नाव चढवलेलंच नाही!! आत्ता यांना विचारलं, हे म्हणाले भरती झालो तेव्हा फक्त बायको विचारली होती. सहा वर्षं झाली.

ओटीचं वाचून डोकं सुन्न झालं. पण मॅडम, एक सांगते. डबल ओटीनं १८०० निघतील हे खरंय, तरी मला घरखर्च ओटीवर बसवायचा नाही. ओटीच्या दिवशी हे रात्री साडेअकराला येतात, मुलगा झोपलेला असतो, सकाळी तो उठायच्या आत हे परत निघालेले. महिन्यातले दहा दिवस त्याला बाप दिसत नाही. ओटीचे पैसे मिळालेच पाहिजेत, दुप्पट, पण घर चालायचं ते आठ तासांवर.

माळेगाव सिन्नर:
ईएसआयसी सुटेल म्हणून २१ च्या आत मागायचं हे मला पटत नाही. ती मर्यादा जानेवारी २०१७ पासून तिथंच आहे, पीएफची १५ हजाराची तर २०१४ पासून. खोलीभाडं तेव्हाचं आहे का? इथं सिंहस्थ २०२७ चं नाव काढून मालक आत्ताच भाडं वाढवायला लागलेत. मर्यादा सरकारनं वाढवायची, आपण आपला पगार तिच्या मापानं का कापून घ्यायचा.

आणि हसतील म्हणता ना, तर हे लिहा. ज्या ॲक्रॉइड पद्धतीचं काकांनी वर सांगितलं तीच सातव्या वेतन आयोगानं लावली आणि केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या पदाचं मूळ वेतन १८,००० काढलं, १ जानेवारी २०१६ पासून. जानेवारी २०२४ ला त्यावरचा महागाई भत्ता ५० टक्के झाला. म्हणजे तेव्हाच २७,००० आणि घरभाडं वेगळंच. शिपाई, हमाल माणसाला घर चालवायला सरकार स्वतः एवढं देतं. प्रेसवर बोटं जपत काम करणाऱ्याचं पोट काय लहान असतं का.

सातपूरचा जुना कामगार:
सिन्नरकरांचा मुद्दा घ्याच. भाड्यावरून अजून एक. २०२० मध्ये केंद्रानं वेतन संहितेचे, म्हणजे पगाराच्या नव्या कायद्याचे, मसुदा नियम काढले त्यात घरभाडं म्हणून खाण्याकापडाच्या खर्चाच्या १० टक्के धरले होते. तुमच्या हिशोबात, सासूबाईंचं खाणं वजा करून, ते ८०० रुपये होतात. समोरच्यानं तो कागद काढला तर ८०० रुपयात अंबड, चुंचाळे, सातपूर कुठं खोली मिळते ती दाखवा म्हणावं, आणि भाडेपावती जोडा. पावती देत नसेल मालक तर फोन पे चा स्क्रीनशॉट जोडा. कागद बोलतो ताई, आपण कितीही बोललो तरी.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री यांच्याबरोबरचे सहाजण बायकांसकट आमच्या ओट्यावर बसले होते, मोबाईलवरून हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकांनी आपापले आकडे सांगितले तेव्हा कळलं की किराणा सगळ्यांचा चार ते पाच हजारातच आहे आणि दूध कोणाच्याच घरी अर्ध्या लिटरच्या वर नाही. एकीनं तर सहा महिन्यांपासून बंदच केलंय.

ठरलंय असं. आठ तास, २६ दिवस, एकूण पगार २३,३००, खाली काकांच्या पद्धतीनं हिशोब जसाच्या तसा. २०,३०० लिहावे असं दोघांचं म्हणणं होतं, ईएसआयसी राहील म्हणून. तेव्हा सासूबाई आत बसून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या माझे ३००० काढून टाका आणि लिहा. कोणीच काही बोललं नाही बराच वेळ. मग हे म्हणाले की आईला वजा करून मी सही करणार नाही. ईएसआयसी गेली तर तेवढ्याचा मेडिक्लेम कंपनीनं काढावा अशी ओळ टाकलीये. ओटीचा फरक वेगळ्या अर्जात, त्याची एक प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात.

आता शेवटची मदत. नाशकात कंपनीत कामाला असलेल्या, भाड्यानं राहणाऱ्या घरांनी आपला एका महिन्याचा खर्च इथं टाका, नाव गाव नको, फक्त माणसं किती, भाडं, किराणा, दूध, शाळा, औषध. ४० सह्यांच्या मागे जोडायचेत. रविवारी संध्याकाळपर्यंत टाका, रात्री मी ते हातानं वहीत उतरवून घेणारे, हे सोमवारी पहिल्या पाळीला साडेसहालाच निघतात.