'पुनर्मापन' चूक असेल, तर बरोबर शब्द कोणता?

अडलेला भाषांतरकार: अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणारा माझा आतेभाऊ लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफलची काडतुसे घरी स्वतः भरतो, आणि त्याच्याच आग्रहावरून मी त्या छंदावर मराठीत लेख लिहीत आहे. बार उडाला की काडतुसाची पितळेची पुंगळी चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतींना भिडेपर्यंत फुगते आणि नंतर अगदी थोडीच आकसते. ती पुन्हा वापरण्यापूर्वी पोलादी डायमध्ये (साच्यात) दाबून मूळ मापाच्या जवळ आणावी लागते. या क्रियेला मी 'पुनर्मापन' म्हटले. भाऊ म्हणाला, "दादा, यात मी मोजत काहीच नाही, दाबतो." त्याचे म्हणणे मला पटले, पण पर्यायी शब्द सुचत नाही.

शब्दनिष्ठ: 'पुनराकारण' हा शब्द घ्यावा. त्याचे समास होतात, हा त्याचा मोठा गुण आहे: फक्त मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, दाबली तर 'ग्रीवा-पुनराकारण' आणि सबंध पुंगळी दाबली तर 'पूर्णांग-पुनराकारण'. तांत्रिक लेखनाला अशी घट्ट नामे लागतात. केवळ क्रियापदांवर त्याचे भागत नाही.

तांबट आळीतला: माझे बालपण पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाचे ठोके ऐकत गेले, म्हणून हे आग्रहाने लिहितो. धातूच्या भांड्याला आपल्याकडे काठ, गळा, पोट आणि बूड असते. पुंगळी हेही पितळेचे लहान भांडेच आहे, मग तिला 'ग्रीवा' कशासाठी? 'गळा मापात आणणे' आणि 'सबंध पुंगळी मापात आणणे' असे लिहावे. 'आवळणे' हे क्रियापद क्रियेला अधिक जवळचे आहे, हे मान्य; पण 'गळा आवळणे' म्हटल्यावर वाचकाच्या मनात भलताच अर्थ येईल.

निवृत्त जवान: फायरिंग रेंजवर आम्ही 'पुंगळी' हा शब्द कधी ऐकला नाही. गोळीबार संपला की रिकामी 'खोखी' वेचून, मोजून परत द्यावी लागत. जे ती वस्तू हाताळतात त्यांचाच शब्द प्रमाण मानावा, असे माझे मत आहे.

शब्दनिष्ठ: 'खोखा' हिंदीतून आला आहे, आणि मराठी वाचक तो 'खोका' असा वाचून पेटी समजेल. वर्तमानपत्रांतून 'रिकाम्या पुंगळ्या' पुरेशा रूढ झालेल्या आहेत.

कोकणातली वाचक: माझे आजोबा सांगत की 'काडतूस' म्हणजे काडी अधिक तूस: आतला दाणा गेला की उरते ते टरफल. ही व्युत्पत्ती खरी असेल, तर रिकाम्या पुंगळीला 'तूस' हा शब्द घरातच आहे.

शब्दनिष्ठ: आजोबांविषयी आदर राखून सांगतो, ही व्युत्पत्ती टिकत नाही. हा शब्द युरोपातून आलेला आहे. फ्रेंच 'कार्तूश' आणि पोर्तुगीज 'कार्तूशु' यांच्या मागे इटालियन 'कार्तोच्चो' म्हणजे कागदाची सुरळी आहे. 1857 साली ज्या काडतुसांवरून असंतोष पेटला, तीही कागदाचीच होती.

टेक्सासचा आतेभाऊ: दादांनी दुवा पाठवला म्हणून लिहितो. नुसते 'मापात आणणे' पुरत नाही, कारण प्रश्न किती दाबायचे हा असतो. .308 विंचेस्टरच्या पुंगळीला कडा नसते, त्यामुळे ती चेंबरमध्ये खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतरत्या भागावर, टेकते. तो खांदा मी इंचाच्या एक ते दोन हजारांशाइतकाच मागे सारतो. त्याहून जास्त सारला, तर प्रत्येक बाराला बुडाजवळचे पितळ ताणले जाऊन पुंगळी तिथे तुटू शकते. शिवाय दाबलेले पितळ गळ्याकडे सरकते आणि पुंगळी लांब होते, 2.015 इंचांची मर्यादा ओलांडण्याआधी ती छाटावीच लागते.

तांबट आळीतला: दाबले की लांबी वाढते, हे सोनाराच्या जंतरातून, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढलेल्या तारेसारखे झाले. मग 'जंतरणे' असे क्रियापद का घडवू नये? आणि वारंवार दाबून पितळ कडक होत असणार. त्याला ताव देता का, म्हणजे तापवून मऊ करता का?

टेक्सासचा आतेभाऊ: देतो, पण फक्त गळ्याला आणि खांद्याला. बूड कडकच राहिले पाहिजे, कारण सगळा दाब तेच पेलते.

शब्दनिष्ठ: त्याला परिभाषेत 'अनुशीतन' म्हणतात.

तांबट आळीतला: तो शब्द पोलादासाठी ठीक आहे, कारण तिथे सावकाश निववण्याला महत्त्व असते. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले हे पितळ तापवल्याने मऊ होते. मग पाण्यात बुडवा वा हवेत ठेवा. ज्या शब्दात फक्त निवणे आहे आणि तापणे नाही, तो इथे खोटा ठरतो. 'ताव देणे' हेच खरे.

निवृत्त जवान: ताण राहिलेले पितळ किती दगा देते, याचे जुने उदाहरण हिंदुस्थानातलेच आहे. ब्रिटिशांच्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत आणि त्यांना तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण ही कारणे 1921 साली उलगडली. त्या तड्यांना इंग्रजीत ऋतूवरून नाव पडले आहे. मराठीत 'पावसाळी तडा' म्हणावे काय?

शब्दनिष्ठ: कारण अमोनिया असताना नाव पावसाळ्याचे कसे द्यावे? 'अमोनियाजन्य विदारण' हेच शास्त्रशुद्ध होईल.

कोकणातली वाचक: 'विदारण' वाचून तडा डोळ्यांसमोर येत नाही. आमच्याकडे पितळेच्या भांड्याला तडा गेला की 'चिरले' म्हणतात.

अडलेला भाषांतरकार: लेख सोमवारी द्यायचा आहे. तूर्त 'मापात आणणे' लिहिले आहे, 'जंतरणे' पानाच्या समासात टिपून ठेवले आहे; आणि 'ताव देणे'विषयी दुसऱ्या कुणा तांबटाचे मत मिळाले तर हवे आहे.