मदत हवी आहे: सर्व्हर घेताना एकच जास्त कोरचा प्रोसेसर की दोन प्रोसेसर?

नमस्कार मंडळी, ऑफिससाठी नवा सर्व्हर घ्यायचाय, त्यावर डेटाबेस आणि ४-५ व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) चालणार. कोटेशनमध्ये दोन पर्याय आलेत, एकात १६ कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एकच प्रोसेसर, दुसऱ्यात ८-८ कोरचे दोन. कोर तर दोन्हीकडे सारखेच, मग नक्की घ्यावं काय?

मला कळलंय ते असं, ड्युअल कोर म्हणजे एकाच चिपमध्ये दोन कोर आणि ड्युअल प्रोसेसर म्हणजे मदरबोर्डवर दोन सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा), दोन वेगळ्या चिप. दोन सॉकेट असले की प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी जोडलेली असते, त्यामुळे एकूण रॅम जास्त बसते आणि बँडविड्थही (रॅममधून डेटा ये-जा करण्याचा वेग) वाढते, पण एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या रॅममधलं काही लागलं की मधल्या लिंकवरून जावं लागतं आणि तिथे वेळ जातो. डेटाबेसला हे कितपत जाणवतं? माझी खरी काळजी हीच आहे.

शिवाय लायसन्स. विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोरवर मोजतात आणि कमीत कमी १६ कोरचं घ्यावंच लागतं, म्हणजे तिथे दोन्ही सारखेच पडतात ना? काही सॉफ्टवेअर मात्र सॉकेटवर मोजतात, तिथे दोन प्रोसेसर महागात जातील असं वाटतं.

अजून एक, दोन सॉकेटचा बोर्ड घेऊन आत्ता एकच प्रोसेसर लावला तर चालतं का? रिकाम्या सॉकेटचे रॅम स्लॉट तेव्हा बंदच राहतात हे माहीत आहे. पण दुसरा नंतर टाकताना तेच मॉडेल मिळतं का, कुणी केलंय का असं? प्लीज सविस्तर सांगा, ऑर्डर लवकरच द्यायची आहे.